न ओतलेलं काँक्रीट

मी अकोल्यात घरांच्या हाडांचा हिशोब करते. बीम किती खोल, कॉलम किती रुंद, स्लॅबमध्ये सळया किती, हे ठरवायचं माझं काम. या धंद्यात माझं एक नाव आहे, आणि ते चांगलं आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. "सरोदे मॅडमच्या बीमवर रणगाडा चालवा," असं इथले ठेकेदार म्हणतात. ती तक्रार आहे हे मला त्यातल्याच एकाने पुढे समजावून सांगितलं. जठारपेठेतल्या एका घरात माझा कॉलम इतका जाड निघाला की कपाटाला जागाच उरली नाही. शेवटी त्या लोकांनी कॉलमलाच आरसा लावून टाकला. माझ्या स्वतःच्या घराबद्दल मी फारसं बोलत नाही. तिथे स्वयंपाकघराच्या मधोमध एक खांब आहे. घरचे त्याला वळसा घालून जातात, पाहुणे धडकतात.

आणि मी जन्मभर ज्यांची विद्यार्थिनी म्हणून मिरवते, ते भुयार सर अमरावतीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात एकच गोष्ट शिकवत राहिले: काँक्रीट कमी कसं घालायचं. गेल्या वर्षी सर गेले. शोकसभेत "सरांचा वारसा पुढे नेणारी विद्यार्थिनी" म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखते. खोकणारा माझ्या वर्गातला मुलगा आहे, आता ठेकेदारी करतो.

आडनाव भुयार, आणि काम काँक्रीटच्या पोटात पोकळी ठेवायचं. हा विनोद आम्ही करायच्या आधी सरांनीच पहिल्या तासाला करून टाकला, त्यामुळे आमच्या हातात काही उरलं नाही. दिसायला उंच आणि काटकुळे. शर्ट अंगावर घातलेला नसून दोरीवर वाळत घातला आहे असं वाटायचं. स्वतःच सांगायचे, "मले पाहून कोनी म्हणत नाही का हा माणूस बिल्डिंगा उभ्या ठेवते. उन्हाळ्यातलं वावटळ आलं की मीच खिडकी धरून उभा राहतो."

पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हाला प्रयोगशाळेत नेलं. टेबलावर दोन बीम होते, हातभर लांबीचे. एक नेहमीचा, भरीव. दुसऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात संक्रांतीची बोळकी पालथी मांडून वर काँक्रीट ओतलेलं. सरांचं म्हणणं साधं होतं. बीमवर ओझं आलं की तो वाकतो. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीटला दाब झकास सोसतो, ताण मात्र सोसवत नाही. म्हणून खाली लोखंडाच्या सळया घालतात, ताण त्या घेतात.

"मंग खालचं काँक्रीट काय करते?" सरांनी विचारलं.

उत्तर त्यांनीच दिलं.

"सळईले पांघरूण घालते आन् बसून राहते. मागच्या बाकावरच्या पोट्ट्याईसारखं. हजेरी आहे, काम नाही. पण त्याचं वजन कोनाले उचला लागते? त्याच बीमले. लेकहो, आपला स्लॅब दिवसभर स्वतःलेच उचलून राहिला. लोकाईले उचलाले त्याच्यात जीव कुठं उरते?"

भरीव बीम यंत्रात ठेवला. त्याने बरंच ओझं घेतलं, मग तडकला. आकडा फळ्यावर लिहिला. आता बोळक्यांचा बीम. सरांनी तो एकट्याने उचलून दाखवला, आम्हाला आळीपाळीने उचलायला दिला, परत घेतला आणि बोलता बोलता यंत्रात ठेवला. "आता पाहा बरं, वजन कमी, ताकद तेवढीच," असं म्हणून त्यांनी यंत्र सुरू केलं. दट्ट्या बीमला टेकला न टेकला तोच बीम खडूसारखा कट्‌कन मोडला. एक अर्धं बोळकं घरंगळत माझ्या पायाशी आलं.

हसावं की नाही ते कळत नव्हतं. सर वाकले, तुकडा उचलला, चष्म्याजवळ नेला आणि एकदम मोठ्याने हसायला लागले.

"उलटा ठेवला बापा!"

खरंच उलटा ठेवला होता. सळया वर, बोळकी वर, आणि ताण येणार त्या खालच्या बाजूला नुसतं काँक्रीट. सरांनी फळ्यावर पहिल्या आकड्याच्या खाली दुसरा आकडा लिहायच्या जागी "मास्तरची चूक" असं लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. मग म्हणाले, "आजचा धडा हाच. ज्याले वरतं कोनतं आन् खालतं कोनतं हे ध्यानात राहत नाही, त्यानं आपलं जडच बांधावं. लोकं जिवंत राहतात."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच प्रयोग नवे बीम घेऊन, या वेळी सरळ ठेवून केला. दोन्ही बीम जवळपास सारख्या ओझ्याला तडकले. पण माझ्या मनात बसला तो पहिल्या दिवसाचा धडा, आणि त्यातही शेवटचं वाक्य. मला वरचं कोणतं आणि खालचं कोणतं हे ध्यानात राहतं, पण राहील याची खात्री नसते. म्हणून मी आपलं जडच बांधत आले. सरांचा शब्द इतक्या निष्ठेने पाळणारी विद्यार्थिनी दुसरी नसेल.

माझं नाव त्यांनी जडजवाहीर ठेवलं. तिसऱ्या वर्षी आम्हाला एका बसथांब्याच्या छताचं काम दिलं होतं. माझा कागद सरांनी हातावर तोलून पाहिला. "कागदच जड लागून राहिला." मग चष्मा वर करून आकडे वाचले. "हा बसथांबा आहे का गाविलगडचा किल्ला? याच्यावर कोन चढनार आहे?"

"भीती वाटते सर."

"कायची?"

"पडेल याची."

सरांनी कागद खाली ठेवला. आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, तू बीमले जेवू घालून राहिली. एक पोयी घे, आनखी एक घे. माय असंच करते. पण त्याले जेवून उठता बी याले पाहिजे ना?"

वर्ग हसला. मीही हसले. मग वसतिगृहावर जाऊन मी बीम थोडा बारीक केला, आणि भीती वाटली म्हणून एक सळई वाढवली.

वजन कमी करायची ही खोड त्यांच्या काँक्रीटपुरती नव्हती. त्यांच्या स्कूटरला स्टेपनी नव्हती. "पाच किलो लोखंड रोज कायले हिंडवा?" म्हणून त्यांनी ती काढून घरी ठेवली होती. एकदा तिवश्याहून येताना नांदगाव पेठेच्या अलीकडे चाक पंक्चर झालं, आणि सर भर वैशाखात स्कूटर ढकलत अमरावतीपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी वर्गात आले ते नाकाडावरची साल निघालेले. फळ्याकडे वळायच्या आधीच म्हणाले, "काल एक नवीन गोष्ट शिकलो. स्टेपनी हे वजन नसते. ते अक्कल असते. कोनतं वजन हाय आन् कोनती अक्कल, हे ओळखता आलं का मानूस इंजिनीअर झाला. मी अजून व्हाचा आहे."

कुठेही गेले की खांबाला बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि विचारायचे, "हे काय उचलून राहिलं?" माझ्या लग्नात अमरावतीच्या हॉलमध्ये व्यासपीठावर दोन्ही बाजूंना गुबगुबीत पांढरे खांब होते. सर आहेर द्यायला वर आले, माझ्या नवऱ्याच्या हातात पाकीट दिलं, आणि खांबावर टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

"हा काय उचलून राहिला?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

नवरा बँकेतला. त्याला काही कळेना. "काही नाही सर, शोभेचा आहे."

"म्हंजे माह्यासारखाच," सर म्हणाले आणि खाली उतरले. माझा नवरा अजून विचारतो, ते नेमकं काय म्हणाले होते?

सरांची खरी फजिती मात्र त्यांचं घर. आणि ते घर पाहायला ते आमच्यासारख्या प्रत्येक तुकडीला घेऊन जात. सहलच ती.

अमरावतीच्या बाहेर, नागपूर रस्त्याकडच्या एका नव्या वस्तीत सरांनी प्लॉट घेतला आणि उमेदीत असं घर बांधलं की त्यात जडपणाचा लवलेश नको. भिंती हलक्या विटांच्या. स्लॅबच्या खालच्या भागात, सळयांच्या मधल्या चौकटींत, जुन्या घरांवरून उतरवलेले कवेलू, म्हणजे कौलं. पाया उथळ, कारण घरच हलकं, तर खोल खणायचं कशाला? सगळ्या स्टाफला बोलावून सरांनी वास्तुशांतीचं जेवण घातलं आणि जेवताना घराचं वजन सांगितलं.

पण खाली होती आपली काळी माती. ती उन्हाळ्यात आटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, आणि फुगताना वर जे काही आहे ते उचलते. जड घर तिला दाबून धरतं. सरांचं घर तिने पाटावरच्या देवासारखं अलगद वर घेतलं, तेही एकाच बाजूने. श्रावणात स्वयंपाकघराचं दार लागेना. होळीला तेच दार आपोआप उघडायला लागलं. भिंतींवर जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या भेगा गेल्या.

दुसरा कोणी असता तर त्याने भेगा लिंपून वर रंग दिला असता. सर मुलांना रांगेत घरात घ्यायचे आणि छडीने एकेक भेग दाखवायचे. "ही पहिल्या सालची. ही दुसऱ्या सालची. इथून सुरू झाली, तिकडे गेली. काहून गेली? कारण मास्तर सगळ्या जगाचं वजन कमी कराले निघाला, आन् जमीन काय म्हणते हे त्यानं इचारलंच नाही."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मुलांसाठी भज्यांचं ताट घेऊन दारात उभ्या असायच्या. आमची तुकडी गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "यायनं सांगितलं का, मी तवाच म्हणली होती का पाया खोल घ्या म्हणून?"

"सांगतो ना. दर साली सांगतो," सर म्हणाले.

"नाही सांगत. मीच सांगतो दर साली," काकू म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळून, "खा रे पोट्टेहो. या घरात भजेच तेवढे भरीव आहेत."

पुढे सरांनी पाया खोल, खालच्या मुरमापर्यंत नेऊन घर सरळ करून घेतलं. भेगा मात्र बुजवू दिल्या नाहीत. काकूंनी एका भेगेवर कॅलेंडर लावलं होतं, ते सहलीच्या दिवशी सर काढून ठेवायचे.

आता अकोल्याची गोष्ट. सर तेव्हा निवृत्त झाले होते आणि मी कामाला लागून बरीच वर्षं झाली होती. जठारपेठेच्या मागच्या अंगाला एका लहानशा संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. बैठी इमारत, एकच मजला. पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूरकडच्या मुली तिथे राहून शिकत. दर जूनला खोल्या भरायच्या आणि निम्म्या मुली बापाबरोबर, पेटी हातात घेऊन, परत जायच्या. त्यातल्या बऱ्याच जणींचं शिकणं तिथेच थांबायचं. संस्थेचे सचिव मोहोडकाका, निवृत्त हेडमास्तर, माझ्याकडे आले. वर एक मजला चढवता येईल का, एवढंच त्यांना हवं होतं.

मी हिशोब केला. जुना स्लॅब दणकट होता, बहुधा माझ्यासारख्याच कोणा भित्र्याने केलेला. पण पाया बेताचा. मी माझ्या पद्धतीचा मजला त्यावर ठेवून पाहिला, पायाने हात टेकले. मी काकांना सांगून टाकलं, "नाही होत. पाडून नवीन बांधावं लागेल."

"म्हंजे दोन वर्षं वसतिगृह बंद," ते म्हणाले.

"हो."

"आन् असलेल्या पोरी?"

मी कागद गोळा करायला लागले. काका उठले. चहा तसाच राहिला. ते गेल्यावर मी पुन्हा हिशोब केला, तेच उत्तर आलं. मग मी सरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सर सकाळच्या एस.टी.ने अकोल्याला आले. खांद्याला एक झोळी, तीही अर्धी रिकामी. त्यांनी माझे कागद टेबलावर पसरले आणि बराच वेळ पाहिले.

"जडजवाहीर, याच्यात पोरी कुठं आहेत?"

मी बोट ठेवून दाखवलं. माणसांचं वजन अमुक, खाटांचं अमुक.

"इतकंच? बाकी सगळं काय आहे मंग?"

"छत, भिंती, कोबा, कठडा, पाण्याच्या टाक्या."

"म्हंजे पाया पोरींले नाही म्हणून नाही राहिला. तुले नाही म्हणून राहिला."

हे मोहोडकाकांच्या समोर. काका बिचारे खिडकीबाहेर पाहायला लागले.

सरांनी एकेक वजन उतरवायला सुरुवात केली. पाण्याच्या टाक्या छतावरून काढून अंगणात वेगळ्या लोखंडी मांडणीवर. छतावरचा विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा नको, पाणी अडवायला पातळ लेप. विटांच्या कठड्याऐवजी पाइपांचं रेलिंग. भिंतींना हलके ठोकळे. काकांनी विचारलं, मग टिनच टाकली तर? सर म्हणाले, "अकोल्याच्या मे महिन्यात टिनाखाली पोट्टी नाही, पापड होईन." टिनाऐवजी छत काँक्रीटचंच, पण खालच्या अंगाला कवेलूंच्या जोड्या, दोन कवेलूंच्या मध्ये हवा. वजनही कमी, ऊनही कमी उतरतं.

सगळं उतरवल्यावर हिशोब जेमतेम जमला. मला वाटलं सर खूश होतील. ते झोळी उचलून म्हणाले, "चाल, खड्डा खनू."

"कशाला सर? जुन्या नकाशात पाया मुरमावर दाखवलाय."

"नकाशात माहं घर बी सरळच होतं."

दोन ठिकाणी पायापर्यंत खणलं. सर लुंगी खोचून स्वतः खड्ड्यात उतरले, मूठभर मुरूम उचलून हातात चुरगळला आणि वर माझ्याकडे पाहिलं. तिथे काळी माती नव्हती. त्यांचा चेहरा असा उजळला की मोहोडकाकांनी खाली वाकून विचारलं, "काही सापडलं काय सर?"

"सापडली ना," सर म्हणाले, "जमीन."

कवेलू जमवायला अडचण आली नाही. आसपासच्या गावांतून घराघराच्या मागे उतरवलेल्या कवेलूंचे ढीग पडलेलेच असतात. मुलींनी दिवाळीच्या सुटीत गावी जाऊन आपापल्या घरून पोत्यांतून आणले. अंगणात बादल्या, टब, घमेली मांडून ते भिजत घातले, कारण कोरडा कवेलू काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतो. सर खुर्ची टाकून बसले आणि एकेक कवेलू कानाशी धरून वाजवत राहिले. खणखणीत वाजला तो इकडे, बद्द वाजला तो तिकडे. मुली त्यांना "कवेलूवाले आबा" म्हणायला लागल्या. मी त्यांना सांगायला गेले की हे मोठे प्राध्यापक आहेत, तर सर म्हणाले, "राहू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोनाले माहा विषय समजला."

स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी ते सळया तपासायला सेंट्रिंगच्या फळ्यांवर चढले. एका कोपऱ्यात उकिडवे बसले आणि मला हाक मारली.

"ही कोनाच्या बारशाची?"

नकाशात नसलेली, मी गुपचूप घालायला लावलेली एक सळई होती. मी म्हटलं, "सर, असू द्या ना. एकच आहे."

त्यांनी पुढच्या चौकटीकडे बोट केलं, मग त्याच्या पुढच्या. सगळ्यांत एकेक होती. सर एकेका सळईवर बोटाच्या पेराने टकटक करत बसले. शेवटी मीच कामगारांना सांगून त्या सळया काढवल्या. एक राहू दिली, जिन्याजवळची. तिथे सरांनी दुसरीकडे पाहिलं.

छत तयार झालं, सेंट्रिंग उतरलं. खालून कवेलूंच्या लाल चौकटी दिसायला लागल्या. देखणं दिसत होतं. आणि मोहोडकाकांच्या कार्यकारिणीत कुजबुज सुरू झाली. पोकळ छत? पोरींच्या डोक्यावर? काही झालं तर? खरं सांगायचं तर माझ्या मनातही तीच कुजबुज होती, फक्त ती मला चारचौघांत करता येत नव्हती. सरांनी सगळ्यांना सांगितलं, "बरोबर आहे तुमचं. इश्वास ठेवूच नका. तपासा."

मग छताच्या कडेने विटांची बुटकी भिंत घालून त्यात पाणी भरायला घेतलं. माणसं आणि सामान मिळून कधी येईल त्याहून जास्त ओझं होईल एवढं पाणी. खाली खोलीत छताच्या बोटभर खाली लाकडी टेकू उभे केले, म्हणजे छताने दगा दिला तर ते त्यावर थांबेल. आणि मधोमध, छत किती वाकतं ते दाखवणारं एक बारीक काट्याचं घड्याळ. मुली शाळा-कॉलेजात. कार्यकारिणी रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाखाली. काटा वाचायला आत जाणार सर आणि मी.

पाणी चढत होतं. सर काट्यासमोर मान वाकडी करून उभे होते. मी दाराजवळ होते, छताकडे पाहत, मनातल्या मनात सगळा हिशोब परत करत. तेवढ्यात माझ्या कपाळावर टप्‌कन पाण्याचा थेंब पडला.

पुढचं मला आठवत नाही, पण मोहोडकाकांनी ते इतक्यांना सांगितलं आहे की पाठ झालं आहे. मी "गेलं!" म्हणून ओरडले आणि जी धावले ती रस्ता ओलांडून कार्यकारिणीच्याही मागे जाऊन उभी राहिले. एक चप्पल आत राहिली. कार्यकारिणीतले दोघे माझ्या मागोमाग पळाले, त्यांना का पळतोय ते माहीतही नव्हतं.

थोड्या वेळाने सर दारात आले. त्यांच्या हातात माझी चप्पल होती.

"डिशच्या तारेसाठी पाइप ठेवला होता ना, त्याचं तोंड बंद नाही केलं कोनी," ते म्हणाले. "पानी तिथून येऊन राहिलं. छत आहे जाग्यावर. ये."

मी आत गेले. त्यांनी मला चिडवलं नाही, हे मला जास्त लागलं. फक्त म्हणाले, "पळाली ते बरं केलं. मी पळालो नाही, कारण गुडघा साथ देत नाही. धैर्यबिर्य काही नाही."

पाणी एक दिवस आणि एक रात्र तसंच ठेवलं. मग सोडून दिलं. पाणी उतरलं तसा काटाही मागे आला, जवळजवळ होता तिथे. मोहोडकाकांनी आकडा विचारला. मी सांगितला. छत वाकायला जेवढी मुभा होती, त्याच्या कितीतरी कमी वाकलं होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेढ्यांचा पुडा फोडला आणि पहिला पेढा सरांपुढे धरला.

सर काट्याकडेच पाहत होते. चेहरा पडलेला.

"काय झालं सर?" मी घाबरून विचारलं.

"नापास झालो."

"अहो, किती कमी वाकलंय!"

"तेच ना. इतकं कमी वाकलं, म्हंजे आनखी लय काढता आलं असतं." त्यांनी पेढा घेतला, अर्धा तोडून मला दिला. "तुले जन्मभर हासलो, आन् मीच अंधारात चार पोया जास्त वाढून ठेवल्या."

त्या जूनमध्ये मोहोडकाकांना कोणालाही परत पाठवावं लागलं नाही. वरच्या खोल्यांत मुली आल्या. त्यातली एक आता माझ्याच ऑफिसात आहे. माझे बीम ती बारीक करते, आणि मी तिचे पुन्हा थोडे जाड करते. अशा रीतीने आमचं काम मध्यम चालतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते अमरावतीला, त्यांच्या घरी. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी, बोलणं थोडं जड, पण धार तीच. सरांनी फोनवर काही सांगितलं नव्हतं, मला दुसऱ्यांकडून कळलं. मी संत्री घेऊन गेले तेव्हा संध्याकाळचे चार-पाच वाजले असतील. सर काकूंना पलंगावरून उठवून ओसरीवर आणत होते. त्यांचा डावा हात काकूंच्या कमरेला, काकूंचा लुळा हात स्वतःच्या मानेभोवती घेतलेला. सर पहिल्यापेक्षा वाळले होते. काकू तेवढ्याच होत्या.

मी पिशवी टाकून धावले. "थांबा सर, मी धरते!"

"तू हात लावू नको," सर धापा टाकत म्हणाले. "तुह्या हिशोबानं आनखी दोन मानसं बोलवा लागतीन."

"आन् यायच्या हिशोबानं," काकू एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मी बी... कमी करा लागन."

दोघंही हसायला लागले आणि हसण्याने तोल जाऊन मधेच थांबले. मी तशीच हात पुढे करून उभी राहिले, शिकाऊ यष्टिरक्षकासारखी. सरांनी श्वास घेतला, पाय रोवला आणि पुन्हा निघाले. ओसरीवरच्या खुर्चीत त्यांना बसवलं, पदर सारखा केला, पायाखाली पाट सरकवला. मग स्वतः खुर्चीला टेकून पायरीवर बसले. मी संत्री सोलून दिली. सरांनी माझ्या चालू कामांची चौकशी केली, मी बीमचे आकडे जरा कमी करून सांगितले, त्यांनी ते ओळखलं.

निघाले तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी नको म्हटलं. फाटकाची कडी लावताना वळून पाहिलं. काकूंना डुलकी लागली होती, आणि त्यांचा तो लुळा हात घसरून सरांच्या खांद्यावर पडला होता, पूर्ण भाराने. खांदा एका बाजूला खाली गेला होता. सर हलले नाहीत. दुसऱ्या हाताने त्यांनी मला, आवाज न करता, जा अशी खूण केली.